चिंचवडहून आलेलं एक मत

आमच्याकडे सुट्टी गुरुवारी असायची. विजेच्या टंचाईमुळे कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिल्या होत्या आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला होता. पुण्यातल्या नातेवाइकांच्या हे कधीच लक्षात राहत नसे. ते रविवारी डबे घेऊन यायचे आणि बाबा ड्यूटीवर असायचे.

बाकीचे सहा दिवस प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचा, ठोका कॉलनीच्या भिंतींतून येत राहायचा. वाटीतल्या आमटीवर बारीक वर्तुळं उठायची. जन्मापासूनची सवय, त्यामुळे तो ठोका मला कधी ऐकू आला असं आठवत नाही. गुरुवारी तो थांबायचा आणि मग मात्र त्याची जागा ऐकू यायची. दुपारी तर एखाद्याच्या स्वयंपाकघरातली फोडणी तीन बिल्डिंगा पलीकडे कळायची. मला गुरुवारची दुपार आवडायची नाही.

आमच्या गॅलरीतून कंपनीचं गेट दिसायचं आणि गेटसमोरचं चिंचेचं झाड. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. त्या वेळी झाडाखाली एक बाई येऊन उभी राहायची. पाळी सुटून सगळे पांगले की पदर डोक्यावर घट्ट ओढून ती परत जायची. गुरुवारीही यायची. गेट बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ही त्या बंद गेटकडे तोंड करून अर्धा तास उभी. लहानपणी मी आईला एकदा विचारलं होतं. "तिकडे बघत बसू नकोस," आई म्हणाली. आमच्या घरात असं उत्तर मिळालं की तो प्रश्न पुन्हा विचारायचा नसे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. कॉलनीत इंग्रजी बोलले तर शिष्ट ठरायची आणि मराठी बोलले तर माझ्या उच्चारांची नक्कल व्हायची. यावर मी लवकरच उपाय शोधला, तो म्हणजे न बोलणं. कॉलेज सकाळचं होतं, दुपारी मी घरी असायची आणि खोलीत कुणी नसेल तेव्हा रेडिओ लावायची. शॉर्टवेव्हवर समुद्रापलीकडचं एक स्टेशन लागायचं. दर गुरुवारी दुपारी दोन ते साडेचार ते रॉकची गाणी लावत. गिटारचा आवाज लाटेसारखा यायचा, मोठा व्हायचा, मग कुणीतरी रेडिओ घेऊन विहिरीत उतरल्यासारखा खोल खोल जायचा आणि पुन्हा वर यायचा.

हे ऐकणारी कॉलनीत मी एकटी नाही हे मला वरच्या मजल्यावरच्या दादामुळे कळलं. तो कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला होता. केस कानाखाली वाढवलेले, त्यावरून सुपरवायझरची रोज बोलणी खायचा. माझ्या रेडिओचा आवाज त्याला वर ऐकू यायचा. एक दिवस तो दारात येऊन उभा राहिला.

"तू ते ऐकतेस? आणि तुला त्याचं इंग्रजी कळतं?"

मी मान डोलावली.

"मग देवानंच पाठवलं तुला राव. आमच्या क्लबाला लिहिणारं माणूस पाहिजे."

क्लब म्हणजे तो आणि त्याचे दोन मित्र. प्रकरण असं होतं की दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी ते स्टेशन वर्षातली वीस गाणी लावायचं, विसाव्यापासून पहिल्यापर्यंत, आणि ती वीस कोणती हे ऐकणारे ठरवत. मुंबईच्या एका पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायचं: गाण्याचं नाव, आपलं नाव, आपलं गाव. एका माणसाचं एकच मत. प्रत्येक गाण्याआधी निवेदक दोन-चार मतदारांची नावं वाचून दाखवायचा. दादाला एक विशिष्ट गाणं वर न्यायचं होतं, पण त्याहून जास्त त्याला हवं होतं ते 'चिंचवड' हे नाव त्या माणसाच्या तोंडून.

"दिल्ली-मुंबईवाल्यांची घेतो, आपल्याला काय धाड भरलीय?" तो म्हणायचा.

त्या नोव्हेंबरात मी चाळीस पोस्टकार्डं लिहिली. डाव्या हातानं, उजव्या हातानं, तिरकी, उभी, निळ्या शाईत, काळ्या शाईत, एक हिरव्या शाईत. मला त्यात काय सुख होतं हे आता कळतं. चाळीस माणसं होऊन मी बोलत होते आणि कुणालाही माझा चेहरा दिसत नव्हता. त्या चाळिसांत माझ्या नावाचं कार्ड मात्र नव्हतं. दादा पाळी सुटल्यावर सायकलवर निघायचा आणि कार्डं वेगवेगळ्या पेट्यांत टाकायचा, काही पिंपरीत, काही आकुर्डीत, काही थेट देहूरोडला.

कॉलनीतली नावं तिसाव्या कार्डाच्या आत संपली. बायका नावं द्यायला तयार नव्हत्या, कुठे सही करावी लागेल या भीतीनं. दादा म्हणाला, "अगं, तुझे बाबा टाइम ऑफिसात आणि तू नावं शोधतेस?"

बाबा टाइम ऑफिसात होते हे खरं. कामगारांची हजेरी त्यांच्याकडे. हजेरीचे जुने, रद्द झालेले ताव ते घरी आणायचे, कारण मागची बाजू कोरी असायची. मी गणितं त्यावरच सोडवली होती. पुढच्या बाजूला इंग्रजीत टाइप केलेली नावं, समोर नंबर, आणि काही नावांवर तांबडी रेघ. तांबडी रेघ म्हणजे नोकरी सोडून गेलेला, एवढंच मी समजत होते. गेलेला माणूस कुठल्याशा गावी सुखात असणार, त्याच्या नावानं एक पोस्टकार्ड गेलं तर त्याचं काय बिघडतंय? मी एका तावावरची तांबडी रेघ असलेली नावं घेतली. अकरा.

डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी दादानं माझा रेडिओ गॅलरीच्या कठड्यावर आणून ठेवला आणि आवाज पूर्ण सोडला. त्याचे मित्र खाली जिन्यात बसले होते. बाबा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला बुटांना पॉलिश करत होते, ते त्यांचं गुरुवारचं काम. आवाजाबद्दल ते काही बोलले नाहीत. वीस, एकोणीस, अठरा, असं चाललं होतं. निवेदकाचा आवाज तोंडात लिमलेटची गोळी धरून बोलल्यासारखा होता. मनिला, नैरोबी, कलकत्ता. चिंचवड नाही. दादाची नखं खाऊन संपली होती.

चौथ्या नंबरला त्याचं ते गाणं आलं. निवेदकानं एका मुलीचं नाव घेतलं, मग एक मुंबईचं, आणि मग थोडं अडखळून, 'चिं'वर भलताच जोर देत तो चिंचवड म्हणाला. पुढे एका माणसाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

दादानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "बोलला! चिंचवड बोलला!"

बाबांच्या हातातला ब्रश थांबला होता. "नाव काय घेतलं त्यानं?"

"काका, चिंचवड! आपलं मत वाचलं!"

"नाव, नाव."

दादानं नाव सांगितलं.

"चारशे बारा," बाबा हळूच म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे नाव तुम्हाला कुठे मिळालं?"

मला उत्तर द्यायची वेळ आली नाही, कारण माझं लक्ष खाली गेलं. साडेतीन वाजून गेले होते. गेट बंद होतं. चिंचेखाली ती बाई उभी होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिला गेटकडे पाठ करून उभी असलेली पाहत होते. ती आमच्या गॅलरीकडे बघत होती. गुरुवारच्या त्या मुक्या दुपारी रेडिओचा प्रत्येक शब्द झाडाखाली पोचला होता.

गाणं वाजायला लागलं. ती रस्ता ओलांडून आमच्या बिल्डिंगकडे यायला लागली.

जिना चढून यायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाबांनी मला सांगितलं, तुटक तुटक. ती चारशे बाराची बायको. बारा वर्षांपूर्वी तो पहिल्या पाळीला आला. प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला गेटवरच्या फळीवर खिळ्याला असतो, आत जाताना काढून घ्यायचा, बाहेर पडताना परत लावायचा. त्यानं बिल्ला घेतला, आत गेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लोकांनी त्याला मशीनवर पाहिला होता. साडेतीनला सगळे बिल्ले परत आले आणि एक खिळा रिकामा राहिला. टाक्या पाहिल्या, गटारं पाहिली, भंगाराचा ढीग उपसला. त्याचा डबा लॉकरमध्ये होता आणि चपला लॉकरखाली. पोलिसांनी बाबांना विचारलं, बिल्ला न लावता माणूस बाहेर पडू शकतो का? बाबा म्हणाले, नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. माझ्याकडून तो बाहेर गेलेला नाही." ब्रशनं गेटच्या आत दाखवत ते म्हणाले, "ती प्रेस शॉपची शेड आहे ना, तिथे त्यांचंच शेत होतं. जमीन गेली त्याबद्दल घरटी एक नोकरी मिळाली, ती त्याला. त्यातली विहीर बुजवून वर मशीनचा पाया घातला. त्याचं मशीन तिथून दहा पावलांवर."

दादा केव्हा सटकला ते कळलं नाही.

बाई दारात उभी राहिली. जवळून ती मला वाटली होती त्यापेक्षा तरुण होती. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ती पोळ्या लाटायची हे मला नंतर कळलं. आईनं आत या म्हटलं तरी ती उंबऱ्याच्या बाहेरच राहिली.

"सायेब, कोन बोलत हुतं?"

"रेडिओ," बाबा म्हणाले. "तिकडून लांबून, परदेशातून बोलतात."

"त्येंचं नाव घेतलं."

बाबांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"आपल्या गावचं नाव घेतलं, मंग त्येंचं, मंग मामंजींचं. मी सोता ऐकलं." तिनं बारा वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. आधीही कधी घेतलं नसणार, त्यांच्यात घेत नाहीत. तेव्हाही घेतलं नाही. "म्हंजी त्ये तिकडं हायती?"

मी आतल्या दाराच्या पडद्यामागे सरकले होते. आत्ता बाहेर जाऊन 'मी लिहिलं' म्हणायचं, दोन शब्द. मराठीत म्हणायचे. ते माझ्याकडून झालं नाही.

"त्या लोकांकडे पुष्कळ पत्रं येतात," बाबा म्हणाले. "त्याच नावाचा दुसराही कुणी असेल."

"गावात त्या नावाचा दुसरा न्हाई. व्हय का न्हाई?" ती आईकडे वळली. "वैनी, पुढल्या आवसेला दिरानं भटजी बोलावलाय. बारा वरसं झाली. पळसाच्या पानांचा मानूस करायचा आन् नदीवर न्हिऊन जाळायचा. मी न्हाई न्हाई म्हनत हुते, दिवाळीला व्हय म्हनले. म्हनलं, सुटू दे एकदाचं. त्येंलाबी आन् मलाबी." मग ती हसली. ते हसू बघून आईनं तोंड फिरवलं. "बरं झालं, आधी कळलं. जित्या मानसाला जाळत हुतो."

ती गेली. बाबांनी कपाटातून जुने ताव काढले, माझ्यासमोर ठेवले आणि बोट त्या ओळीवर टेकवलं. ओरडले नाहीत. "हे तुलाच सांगावं लागेल तिला," एवढंच म्हणाले.

मला तीन आठवडे लागले. तोवर अमावस्या येऊन गेली. नदीवर काही झालं नाही. झाडाखाली ती रोज यायचीच, पण आता वेणी घालून, इस्त्रीचं लुगडं नेसून यायची, आणि पाळी सुटली की एकेका चेहऱ्याकडे असं बघायची की कामगार दुसऱ्या बाजूनं जायला लागले. सुटण्याच्या इतक्या जवळ आलेली बाई मी परत तिथे नेऊन उभी केली होती. ते मी रोज गॅलरीतून बघत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते.

शेवटी एका गुरुवारी गेले. रस्ता रिकामा होता. काय बोलायचं ते पाठ केलेलं सगळं विसरले.

"मावशी, ते पत्र मी लिहिलं होतं. रेडिओचं. त्यांचं नाव मी घातलं."

ती गेटकडेच बघत होती. "तुमी सायबांची लेक न्हवं? शाळंत बसनं जायचात. कुनाशी बोलत न्हवता कंदी."

"हो. मावशी, त्यांनी नाही पाठवलं ते. मी पाठवलं."

"तुमाला त्येंचं नाव कुनी दिलं?"

"बाबांच्या कागदावर होतं. जुन्या हजेरीच्या."

"कागदावर किती नावं हुती?"

"साठ-सत्तर असतील."

"आन् तुमी किती घेतली?"

"अकरा."

"आन् सगळी मिळून पत्रं किती?"

"चाळीस."

"आन् त्या मानसानं त्यातली किती वाचली?"

मी एक बोट वर केलं.

"एकच न्हवं?" ती आता माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. पोरीला हिशेब शिकवल्यासारखी बोलत होती. "हात तुमचा, ताई. त्ये मी न्हाई कुटं म्हनते? पन साठातनं त्येच नाव तुमच्या हाताला लागलं, चाळिसातनं त्येच त्या मानसाच्या तोंडात आलं, आन् मी हितं उबी असताना आलं. एवढं सगळं तुमी केलं?"

बंद गेटच्या आत कुठेतरी पत्रा हलल्याचा आवाज झाला. वारा नव्हता. कुत्रं असेल. आम्ही दोघी तिकडे बघत राहिलो.

"मी एक वरीस थांबते," ती म्हणाली. "बारा थांबले, त्यात एक. त्येंला सांगायचं असंल तर त्ये फिरून सांगत्याल. तुमी लिवायचं न्हाई. घ्या आईची आन."

मी आईची शपथ घेतली. मोठ्यानं बोलून घेतलेली ती माझी पहिली शपथ.

ते वर्ष मी फार सावधपणे काढलं. दादाला सांगितलं की यंदा कार्डं नाहीत.

"का गं? तेच नाव टाक परत. लकी नाव आहे राव!"

मग मला त्याला सगळं सांगावं लागलं. त्याचा चेहरा उतरला. तो नंतर कधी माझ्याशी सरळ नजरेनं बोलला नाही. पावसाळ्यात त्याला आखातात नोकरी लागली आणि तो गेला. जाताना त्यानंही शपथ घेतली, न मागता. त्याच्या दोघा मित्रांना इंग्रजी लिहिता येत नव्हतं. म्हणजे चिंचवडहून आता एकही कार्ड जाणार नव्हतं, याची माझ्या परीनं मी खात्री केली होती.

ते ताव बंबात घालायचे ठरले तेव्हा मी शेवटचं एकदा पाहिले. घेतलेल्या नावांपुढे मी पेन्सिलनं बारीक टिकली करत असे, दुबार होऊ नये म्हणून. टिकल्या मोजल्या. दहा होत्या. पुन्हा मोजल्या. चारशे बाराच्या ओळीपुढे टिकली नव्हती. ते कार्ड लिहिल्याचं मला आठवत होतं, काळी शाई, डावा हात, आडनावाच्या शेवटच्या अक्षराची ओढलेली शेपटी. आठवत होतं असं मी अजूनही म्हणते. टिकली करायची राहिली असेल. मी कागद बंबात टाकले आणि झाकण लावलं. त्या दिवशीच्या पाण्यानं अंघोळ करायला मला नको वाटलं.

डिसेंबरच्या शेवटच्या गुरुवारी ती दोन वाजताच आली. उंबऱ्याच्या आत बसायला आईनं तिला कसंबसं तयार केलं, पण पाटावर नाही, जमिनीवर, दाराच्या चौकटीला टेकून. रेडिओ या वेळी खोलीत, स्टुलावर होता. आईनं चहा दिला तो तिनं शेजारी ठेवला. बाबा खुर्चीत होते. बूट पॉलिश न करता तसेच पडले होते.

"मला विंग्रजी येत न्हाई," ती मला म्हणाली. "पन नाव कळंल."

गाणी सुरू झाली. अशी विचित्र मैफल मी पुन्हा पाहिलेली नाही. ढोल-गिटारांचा तो गदारोळ, आणि समोर पदर आवरून बसलेली ती, कीर्तनाला बसावं तशी. दर गाण्याआधी नावं आली की तिघं माझ्याकडे बघायची. मी मान हलवायची, नाही. वीस गेलं. पंधरा गेलं. दहा गेलं. सिंगापूर, मद्रास, दार्जिलिंग. स्टेशन त्या दिवशी नीट लागत नव्हतं. मध्येच दुसरं कुठलंतरी अरबी बोलणारं स्टेशन खालून वर यायचं आणि जायचं.

सातव्या नंबरला निवेदक म्हणाला, आणि भारतातून. तेवढ्यात आवाज बुडायला लागला. मी पुढे वाकले, कान रेडिओच्या जाळीला लावला. खरखर, मग एक लांब शीळ, आणि शिळेच्या खाली तो माणूस बोलत होता. एक शब्द. मग दुसरा, थोडा लांब. मग आणखी एक. नाव वाचल्याची लय होती. पहिल्या शब्दाच्या सुरुवातीला त्यानं जोर दिला, मागच्या वर्षी दिला होता तसा. की मलाच तसं वाटलं? अंगावर काटा आला तो मात्र वाटला नव्हता, तो खरा होता. मग शीळ थांबली, आवाज वर आला आणि गाणं सुरू झालं होतं.

"काय म्हनला?" ती विचारत होती.

खोलीत इंग्रजी समजणारी मी एकटी होते. बाबांना येत होतं, पण नावं-नंबरांपुरतं, आणि त्यांचा डावा कान प्रेस शॉपनं कधीच नेला होता. ते माझ्याकडे बघत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात धरून उभी होती.

आयुष्यभर मी न बोलून निभावलं होतं. इथे न बोलणं म्हणजे हो झालं असतं.

"नाही," मी म्हटलं. "दुसरंच नाव होतं. दिल्लीचं कुणीतरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे घारे होते हे मला तेव्हा दिसलं.

"नीट ऐकलं?"

"हो, मावशी. नीट ऐकलं."

बाकीची सहा गाणी तिनं बसून ऐकली. पहिल्या नंबरचं गाणं संपून निवेदकानं नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, तेव्हा तिनं गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला, कप स्वतः मोरीत नेऊन विसळला आणि बाबांना म्हणाली, "सायेब, मंग दिराला सांगते. तुमी बी या."

पुढच्या अमावस्येला पवनेच्या काठी ते झालं. बायकांनी जायचं नसतं, बाबा गेले. परत आल्यावर बाहेरच अंघोळ केली. रात्री जेवताना आपणहून म्हणाले, "डोकं म्हणून नारळ ठेवला होता. पानं दोऱ्यानं बांधत बांधत पूर्ण माणूस करतात. उंचीसुद्धा विचारली भटजीनं, केवढा होता म्हणून. कुणाला सांगता येईना. मी सांगितली, मला त्याचं कंपनीतलं कार्ड पाठ आहे." मग म्हणाले, "मी आता सांगू शकतो की तो गेला." दुसऱ्या दिवशी त्यांनी बारा वर्षं, आता तेरा, मोकळा ठेवलेला तो खिळा एका नव्या माणसाला दिला.

मी खोटं बोलले असं मला ठामपणे म्हणता येत नाही, आणि खरं बोलले असंही नाही. मी जे ऐकलं ते काय होतं हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. कुणी कार्ड पाठवलंच नव्हतं, तर ते नाव येईल कसं, असं मी स्वतःला बरेच महिने समजावत होते. दिवसा समजायचं.

उन्हाळ्यात ती मला चिंचवडच्या बाजारात भेटली. कपाळ मोकळं, फिकं लुगडं, अंगानं जरा भरलेली. मीच आधी "मावशी" म्हटलं. आम्ही दोघी एकाच पाटीसमोर उकिडव्या बसलो होतो. भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती.

"आता झोप लागती बगा," ती म्हणाली. "दुपारची सुदिक. पोळ्या लाटून आले की आडवी. सासू म्हनती, म्हातारी झालीस का काय." मग भेंडीचं टोक मोडून बघत, त्याच आवाजात म्हणाली, "ताई, त्या दिवशी मला ऐकू आलं हुतं."

मला वाटलं, मी भलतंच ऐकलं. "काय?"

"नाव. त्या शिट्टीच्या खाली." तिनं दुसरी भेंडी मोडली. "त्येंचंच हुतं."

"मग मला का विचारलंत?"

"तुमी काय म्हनताय बगावं म्हनलं. तुमी न्हाई म्हनलात." ती भेंड्या पदरात घेत होती. "बरं केलंत. व्हय म्हनला असतात तर फिरून थांबाया लागलं असतं. आन् त्ये तरी किती दिस हाका मारत्याल? त्ये बी दमलं असत्याल की."

बाजारात लाउडस्पीकर चालू होता, कुणाच्या तरी लग्नाची गाणी. मी समोरची एक मेथीची जुडी उचलली. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि पाटीतली दुसरी उचलून माझ्या पिशवीत टाकली.

"ही घ्या," ती म्हणाली. "ती आतनं पिवळी पडलीय."